कॉलेजात कॅथलिक सप्ताह भरवताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या कॉलेजांत कॅथलिक मुलं-मुली मोजकीच. काही इथलीच, काही वसई, गोवा, केरळहून शिकायला आलेली. एकाच कँटीनमध्ये चहा पितात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. व्याख्यानांचा आणि प्रार्थनांचा हा सप्ताह भरवायचा तो आधी त्यांच्यासाठी, आणि ज्याला कुतूहल आहे त्याच्यासाठी दार उघडं ठेवून. असे सप्ताह फिसकटतात ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: नेमकं काय होणार आहे, हे कुणी स्वच्छ सांगितलेलं नसतं.

नाव एक, कार्यक्रम दुसराच

ही सगळ्यात मोठी चूक. फलकावर ‘व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा’ लिहायचं आणि मुलं जमली की अर्ध्या तासानं प्रार्थना सुरू करायची. एखाद्या पालकानं तक्रार केली तर प्राचार्य सगळा सप्ताह बंद करतील, आणि ती तक्रार रास्तच असेल. चर्चची स्वतःची शिकवणही हेच सांगते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावर घोषणापत्र काढलं. श्रद्धेचा प्रसार करताना सक्ती किंवा न शोभणारी गळ यांचा वासही येता कामा नये, गरीब आणि कमी शिकलेल्या माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही, असं त्यात बजावलं आहे.

तेव्हा ‘कॅथलिक’ हा शब्द पहिल्याच ओळीत, मोठ्या अक्षरात आणि मराठीत लिहा. आपल्या भागात त्याची आणखी एक गरज आहे. मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल आठवतं, आणि ती परंपरा प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी एका पंथाची. प्रोटेस्टंट घरातली मुलं आपलीच उपासना समजून येतात आणि रोझरी, म्हणजे जपमाळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना, सुरू झाली की अवघडतात. आधी कळलेलं असेल तर तीच मुलं आनंदानं बसतात आणि प्रश्नही विचारतात.

वह्या, बॅगा, फी-सवलतीचं आश्वासन यातलं काहीही नको. चहा-बिस्किटं पुष्कळ झाली. रक्तदान शिबिर घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्याच मंडपात प्रार्थना ठेवू नका. जपमाळा टेबलावर मांडून ठेवा, हवी त्याला उचलू दे. कुणाच्या हातात कोंबू नका.

मिस्सा आणि रांग

इथं मात्र जरा थांबून विचार करा. आपल्याकडं देवळात गेलं की प्रसादाची रांग असते. रांगेत उभं राहणं हा मान राखण्याचा भाग, न घेता परतणं उलट वाईट दिसतं. त्याच भावनेनं हिंदू मित्र मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) रांगेत येतो आणि दोन्ही हात पुढं करतो. पुढं फादर गोंधळतात, तो ओशाळतो, मागची रांग अडते. कधी तो ओस्ती, म्हणजे ती भाकरीची पातळ चकती, घेऊन खिशात ठेवतो, घरी आईला द्यायची म्हणून. त्याच्या मनात आदरच असतो, पण कॅथलिक माणसाच्या दृष्टीनं ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि मग वेदीपाशी धावाधाव होते.

उपाय सोपा आहे. मिस्सा सुरू होण्यापूर्वी आणि कम्युनियनच्या आधी, दोन्ही वेळा मराठीत सांगा: ‘कम्युनियन फक्त तयारीनं आलेल्या कॅथलिकांसाठी आहे. इतरांनी जागेवरच बसून राहावं. आशीर्वाद हवा असेल तर छातीवर हात आडवे घेऊन पुढं यावं.’ हे आवाज चढवून सांगू नका, घरी आलेल्या पाहुण्याला सांगतो तसं सांगा. रांगेशेजारी एक स्वयंसेवक उभा करा. मिस्सानंतर बाहेर चहा आणि केकचं टेबल लावा, म्हणजे कुणी रिकाम्या हातानं परतणार नाही.

शक्यतो मिस्सा जवळच्या चर्चमध्येच ठेवा. चर्चचा कायदाही पवित्र जागेलाच प्राधान्य देतो. हॉलमध्येच करायची असेल तर धर्मग्रामाच्या (त्या भागातल्या चर्चच्या) फादरांना आधी विचारा. बाहेरून येणाऱ्या धर्मगुरूंना पापनिवेदन (कन्फेशन) ऐकण्याचा अधिकार आहे ना, हेही त्यांच्याकडूनच कळेल.

‘सर हो म्हणाले’

तोंडी परवानगी गेटवर चालत नाही. सर बैठकीला गेलेले असतात आणि वॉचमनला काहीच माहीत नसतं. अर्जात हॉल, वेळ, वक्ते आणि विषय लिहा. कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मंजुरी आली की तिची एक झेरॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा.

संस्था कोणती, हेही बघा. राज्यघटनेच्या कलम 28 प्रमाणे संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित संस्थेत कुणाला त्याच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आपल्याकडं अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याचदा त्याच आवारात भरतात, त्यामुळं ही गोष्ट नजरेतून निसटते. सतरा वर्षांच्या मुलीला पालकांच्या चिठ्ठीशिवाय मिस्साला नेऊ नका, ती कितीही आग्रह करो.

स्पीकर उघड्यावर लावू नका. शैक्षणिक संस्थांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. तारखा ठरवताना शिवाजी विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवा, नाहीतर रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलावं लागेल.

प्रश्नोत्तरं टाळू नका

डॉ. नरेंद्र दाभोलकर इथल्याच विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकले. या भागातली मुलं चमत्कारांवर प्रश्न विचारणारच, आणि विचारावेतच. ‘प्रार्थनेनं आजार बरा होईल’ असली जाहिरात चुकूनही करू नका. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे खरंच, पण त्याआधी तो आजारी माणसावर अन्याय आहे. संतपदासाठीच्या चमत्कारांची चर्च डॉक्टरांकडून कशी छाननी करून घेतं, हे सांगू शकेल असा वक्ता बोलवा. उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगतो’ म्हणावं, आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगावं.

फोटो

आराधनेला बसलेल्या मुलीचा फोटो तिला न विचारता स्टेटसला लागला, की संध्याकाळपर्यंत तो तिच्या गावात पोचतो. घरी तिला काय ऐकावं लागेल याचा अंदाज आपल्याला नसतो. प्रार्थनेच्या वेळी कॅमेरा बंदच ठेवा. व्याख्यानाचे फोटो व्यासपीठाचे घ्या, प्रेक्षकांचे नकोत. फोन नंबरची वही दाराशी ठेवू नका. ज्याला संपर्क हवा आहे तो स्वतः लिहील अशा ठिकाणी, आत टेबलावर ठेवा.

आणि शनिवारी मंडप उतरवण्याआधी पुढच्या गुरुवारच्या बैठकीची जागा आणि वेळ फलकावर लिहून टाका. त्या बैठकीला चारच जण आले तरी ती घ्या. आठवडाभर लाजून मागं बसलेला एखादा मुलगा बोलायला त्याच दिवशी येतो.