पिटबुल आणायचा की नाही: लेकरं असलेल्या घरासाठी तयारीची यादी

पिल्लाचा बयाणा देऊन झाल्यावर "हा लेकरांसोबत चालतो ना हो?" असं विचारणारे नागपुरात पुष्कळ भेटतात. प्रश्न बरोबर आहे, वेळ चुकलेली असते. तोवर पोरांनी नाव ठरवलेलं असतं, पट्टा आलेला असतो, आणि मग नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. म्हणून ही यादी बयाण्याच्या आधीची आहे. यातली बहुतेक कामं घरातल्या मोठ्या माणसांची आहेत, कुत्र्याचा नंबर बराच उशिरा लागतो. मधेच कुठे अडलात तर तिथेच थांबा, पुढे रेटू नका.

पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं. धाकट्याचं वय लिहा आणि त्यात बारा मिळवा. पिटबुल बारा-चौदा वर्षं जगतो. आज चार वर्षांची असलेली मुलगी दहावीला असेल तेव्हाही तो घरात असेल, म्हातारा, सांधे दुखणारा, थोडा चिडका. तेवढी वर्षं तुम्ही त्याच घरात आहात का? बदलीची नोकरी आहे का? दुसऱ्या लेकराचा विचार आहे का? माझं मत विचाराल तर धाकटं सात-आठ वर्षांच्या आतलं असेल आणि घरात याआधी ताकदवान कुत्रा कोणी सांभाळला नसेल, तर विषय इथेच मिटवा. त्या वयाचं पोर "त्याच्या जवळ जाऊ नको" हे ऐकतं, मान डोलावतं आणि पाच मिनिटांत त्याच्या गळ्यात पडतं. त्याचा दोष नाही, वयच तसं असतं. शिवाय त्याचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. लहान मुलांना चावे बहुतांशी चेहऱ्यावर, डोक्यावर आणि मानेवर बसतात ते म्हणूनच. आणि चावणारा कुत्रा बहुतेकदा ओळखीचा, कित्येकदा घरचाच असतो.

दुसरं, घरातल्या दुपारचा हिशोब. सकाळी सगळेच उत्साही असतात, ती वेळ धरू नका. दुपारी बारा ते पाच घरात कोण असतं ते लिहा. बहुतेक घरांत उत्तर निघतं: आजी आणि शाळेतून आलेली पोरं. मग आजीला स्पष्ट विचारा. सुनेने परस्पर "आईंना चालेल" म्हणू नये. पंचवीस किलोचा कुत्रा पट्ट्याला हिसका देऊन दाराकडे धावला तर त्या त्याला धरू शकतील का? लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलने मालकाच्या ८२ वर्षांच्या आईचा जीव घेतला, तेव्हा घरात दुसरं माणूस नव्हतं. असं रोज घडत नाही. पण म्हातारं माणूस एकटं, कुत्रा मोकळा, ही मांडणी आपल्याही घरी तयार होणार असेल तर ती आधीच मोडून ठेवायला हवी. घरात एक तरी धट्टंकट्टं माणूस असं हवं, जे "हा कुत्रा माझा, याची जबाबदारी माझी" असं म्हणेल. सगळ्यांचा कुत्रा म्हणजे कोणाचाच नाही, आणि सहा महिन्यांनी तो घरातल्या बाईच्या गळ्यात पडतो, हे आपण सगळे जाणतो.

आता जातीबद्दल. दोन टोकांच्या गोष्टी कानावर येतील. एक, त्याचा जबडा कुलपासारखा अडकतो. तसं काही नसतं, त्याच्या जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच आहे. दुसरी, पूर्वी हे कुत्रे लेकरं सांभाळायला ठेवत. यालाही इतिहासात धड आधार नाही. आधार आहे तो वेगळ्याच गोष्टीला: इंग्लंडात बांधलेल्या बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले, तो १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला आणि मग कुत्र्यांच्या झुंजी वाढल्या. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांच्यातून तयार केलेली ही जात. एकदा भिडल्यावर मागे न हटणं, हा गुण निवडून निवडून आणलेला. 'सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून जेमतेम नऊ टक्के उलगडतो. पिटबुलवाले हा आकडा आवडीने सांगतात, आणि तो खराही आहे. तुमचा पिटबुल मायाळू निघण्याची शक्यता चांगलीच आहे. मात्र पामेरियन चिडला तर टाके पडतात. पिटबुल चिडला, धरून झटकायला लागला, तर काय होतं याचा विचार आधी करायचा. लेकरांच्या घरात मी शक्यतेपेक्षा परिणामाकडे बघतो.

मागे न हटण्याच्या या गुणाची पहिली झळ बहुतेकदा माणसांना लागतच नाही, गल्लीतल्या कुत्र्यांना लागते. पाच महिन्यांचं पिल्लू सगळ्यांशी खेळतं म्हणून भुलू नका. इतर कुत्र्यांवर धावून जाण्याची खोड एक ते तीन वर्षांच्या दरम्यान, पुरता वाढल्यावर दिसू लागते. आणि नागपुरात मोकाट कुत्र्यांशिवायची गल्ली दाखवा मला! मनीषनगर असो, नंदनवन असो की महालातला बोळ, पहाटे प्रत्येक चौकात एक टोळी असते. पिल्लू पाहायला जाण्याआधी एक आठवडा रोज पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर तुम्ही स्वतः नुसता पट्टा हातात घेऊन ठरवलेल्या रस्त्याने फिरून या. लोक हसतील, हसू द्या. कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, बाजूला सरकायला जागा कुठे आहे, ते कळेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा फिरायला याच दोन वेळा उरतात. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. आणि पट्टा पोराच्या हातात द्यायचा नाही. "पप्पा, मी धरतो ना" ला उत्तर 'नाही', अगदी बारा वर्षांच्या पोरालाही.

मुस्कं घ्यायचं ते जाळीचं. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो, म्हणून तोंड आवळून टाकणारं कापडी मुस्कं आपल्या उन्हाळ्यात जीवघेणं ठरू शकतं. जाळीच्या मुसक्याची सवय पिल्लू असतानाच, आत खाऊ ठेवून लावायची.

मग घर. फाटकापासून सुरुवात करा. आपल्याकडच्या लोखंडी फाटकांच्या गजांमधून लेकराचा हात सहज आत जातो आणि कुत्र्याचं तोंड सहज बाहेर येतं. खालच्या अर्ध्या भागाला पत्रा किंवा बारीक जाळी लावून घ्या. कडी पहा: नुसती वरून पडणारी कडी उडी मारणारा कुत्रा पंजाने उचलतो. सरकणारी कडी आणि वर कुलूप हवं. कमरेएवढी कंपाउंड वॉल पिटबुलला अडवत नाही, पाच फुटीचीही खात्री धरू नका. फाटक आणि घराचं दार यांच्यामध्ये आणखी एक अडसर हवा, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद असेल. घरात एक खोली अशी ठरवा, जिथे कुत्रा शांतपणे एकटा राहील: कूलरची हवा जाते, पोरांचा चेंडू जात नाही अशी. लाइट गेली, कूलर बंद पडला तर दुपारी त्याला कुठे हलवायचं तेही ठरलेलं हवं.

पाहुण्यांचे दिवस आधीच कॅलेंडरवर गोल करून ठेवा. उन्हाळ्यात आजोळी येणारी भाचेमंडळी, वाढदिवस, दिवाळीचे फटाके. आणि आपल्या नागपूरचा खास दिवस म्हणजे तान्हा पोळा. लाकडी बैल ओढत, नटूनथटून पोट्ट्यांचे घोळकेच्या घोळके बोजारा (खाऊ-पैसे) मागायला फाटकाशी येतात. अनोळखी मुलं, आरडाओरडा, चाकांचा खडखडाट, वर फाटक सताड उघडं. त्या दिवशी कुत्रा सकाळपासून त्याच्या खोलीत, दार बंद. "आमचा काही करत नाही" हे वाक्य त्या दिवशी तरी उच्चारायचं नाही.

पोरांची तयारी करायची ती नुसत्या सूचनांनी होत नाही. एखाद्या परिचिताकडे शांत, मोठा कुत्रा असेल तर पोरांना तिथे न्या आणि तुम्ही कुत्र्याकडे कमी, पोराकडे जास्त बघा. कुत्रा हाडूक चघळतोय आणि पोरगं दोन पावलं पुढे सरकतं. कुत्र्याचं चघळणं थांबतं. तो गुरगुरत नाही, दात दाखवत नाही, नुसता गोठतो. मान खाली, अंग ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. पुढे बऱ्याचदा ओठांवरून एकदा जीभ फिरते. लेकराला यातलं काही दिसत नाही, त्याला "तो शांत बसलाय" असं वाटतं. हे गोठणं तुम्हाला दिसलं का? पोराला दाखवल्यावर ते मागे सरकलं का, की "काही नाही होत" म्हणून पुढेच गेलं? घरातल्या मोठ्यांनाही ते दिसत नसेल तर आधी ते शिकून घ्या. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारायचं नाही, हेही त्यातच आलं. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही.

पोरांसाठी नियम थोडेच ठेवा, पण पक्के: जेवताना, झोपलेला असताना, हाडूक तोंडात असताना जवळ जायचं नाही. गळ्यात पडायचं नाही. मोठं माणूस खोलीत नसेल तर कुत्रा आणि पोरं एका खोलीत नाहीत. मोठं माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असेल तर ते खोलीत नाही असंच धरा. रविवारी सावजी रस्सा झाला की उरलेली हाडं कुत्र्यापुढे टाकायचीही पद्धत बंद. शिजलेली हाडं फुटून घशात-आतड्यात रुततात, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, आणि वर त्या हाडावरून भांडण व्हायचं ते वेगळं.

कागदपत्रांचं थोडक्यात. १२ मार्च २०२४ च्या केंद्राच्या पत्रात पिटबुलसह २३ जातींची विक्री, पैदास आणि आयात थांबवायला राज्यांना सांगितलं होतं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवलं. उत्तरेतल्या काही महापालिकांनी आपापली बंदी घातली. नियम बदलत राहतात, म्हणून घेण्याच्या आठवड्यातच महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात जाऊन नोंदणीबद्दल विचारा आणि उत्तर लेखी मागा. भाड्याचं घर असेल तर मालकाची संमतीही लेखी घ्या. कुत्र्यापासून लोकांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

इथवर सगळं जमलं तर मग पिल्लाकडे वळा. पिटबुल म्हणून दाखवलेला अमेरिकन पिट बुल टेरियर असेल, स्टॅफर्डशायर असेल, अमेरिकन बुली असेल किंवा सगळ्यांची सरमिसळ. नुसतं डोकं बघून जात ओळखताना जाणकारही चुकतात. पिट बुल टेरियरचा नर साधारण १६ ते २७ किलोचा आणि चपळ. बुली जड, अनेकदा आखूड तोंडाचा, त्याचे उन्हाळ्यात फार हाल होतात. आई दाखवा म्हणा. आई अनोळखी माणसाला पाहून कशी वागते ते पाहिल्याशिवाय पैसे काढू नका, आणि ती "गावाला आहे" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. रुबाबासाठी कान कापलेलं पिल्लू दिसलं तर तिथे थांबायचं कारणच नाही.

मला विचाराल तर पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचा, नसबंदी झालेला, लेकरांच्या घरात वाढलेला कुत्रा बरा. त्याचा स्वभाव तयार झालेला असतो, लपत नाही. कोणताही आणा, पहिल्याच आठवड्यात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे तपासून घ्या. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांना, मग ठरलेले डोस. गोचिडांचं औषध बारा महिने, कारण गोचीडताप आपल्याकडे मुक्कामालाच असतो.

चावा झाला तर काय, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं, हळद-मिरची काही न लावणं, आणि लगेच मेडिकल किंवा मेयो, म्हणजे आपली सरकारी रुग्णालयं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरकडे जायचंच. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तिथे विचारून घ्या.

शेवटचं काम फोनवरचं. दिवाळीत किंवा लग्नाला सगळे गावाला गेलात तर कुत्रा कुठे राहील? कुत्री सांभाळणाऱ्या दोन ठिकाणी आजच फोन लावा आणि जात सांगून विचारा. पिटबुल म्हटलं की बरेच जण नाही म्हणतात. मग भावाला विचारा. तोही नाही म्हणाला तर पुढची बारा वर्षं प्रत्येक लग्नाला घरी कोण थांबणार, त्या माणसाचं नाव यादीत लिहा, आणि ते त्याला आधी सांगा.