रोलर मारल्यावर भिंतीवर दिसणारे पट्टे असे गेले

हॉलच्या भिंतीला इमल्शनचे (पाणी घालून लावायचा भिंतीचा रंग) दोन हात झाले, तरी संध्याकाळी तिरपं ऊन आलं की उभे पट्टे आणि कडेने ब्रशची चौकट स्पष्ट दिसायची. तिसरा हात मारला, पाणी वाढवलं, नुसत्या ब्रशने करून पाहिलं, पट्टे तिथेच. दोन रविवार गेले, फार चिडचिड झाली.

चूक अशी होती: चारही भिंतींच्या कडा आधी ब्रशने रंगवायचो आणि रोलर दुसऱ्या दिवशी. वाळलेल्या कडेवर ओला रंग चढला की तिथे थर दुप्पट होतो.

मग भिंत २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, ओल्या फडक्याने पुसली, सुकू दिली. पंखा बंद. डब्यावर लिहिलेलं तेवढंच पाणी मोजून घातलं. एकाच भिंतीच्या कडा दोन इंची ब्रशने ओढल्या आणि लगेच नऊ इंची रोलर घेतला. छतापासून खालपर्यंत दोन फुटांचा पट्टा, पुढचा आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढवत. शेवटी त्याच पट्ट्यावर रोलर न दाबता वरून खाली एकदाच. भिंत संपेपर्यंत थांबायचं नाही, फोनसुद्धा घेऊ नका. चार तासांनी दुसरा हात तसाच.

रोलरऐवजी स्प्रे मशीन का नाही, तर ते ग्रिलसाठी बरं. सामान भरलेल्या घरात झाकपाकच दिवसभर चालते.