‘एक्स्पायरी’ वाचताना या चुका टाळा

गोळ्यांच्या पट्टीवर ‘एक्स्पायरी ०६/२०२६’ छापलेलं असलं की पुष्कळ घरांत ती पट्टी १ जूनलाच कचऱ्यात जाते. आपल्याकडच्या औषध नियमांनुसार नुसता महिना आणि वर्ष दिलं असेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. म्हणजे इथे ३० जूनपर्यंत औषध चालतं. १ जुलैपासून मात्र घेऊ नये. ‘चार दिवसांनी काय बिघडतंय’ हा हिशेब औषधाला लावू नका.

याहून धोक्याची चूक होते ती उघडलेल्या बाटलीबाबत. छापलेली तारीख सीलबंद आणि नीट ठेवलेल्या औषधाची असते. झाकण उघडलं की दुसरी, बरीच लहान मुदत सुरू होते आणि ती बाहेर ठळक छापलेली नसते. डोळ्यांत घालायचे थेंब साधारण महिनाभरात टाकून द्यायचे असतात, कारण बाटलीचं टोक पापणीला, बोटाला लागतं आणि जंतू आत जातात. लहान मुलांची, पावडरीत पाणी घालून बनवायची अँटिबायोटिकची बाटली बऱ्याचदा ७ दिवसच टिकते, काही औषधं फ्रिजमध्ये ठेवून १४ दिवस. मागच्या तापातली उरलेली बाटली छापील तारीख पाहून पुन्हा मुलाला पाजणं म्हणूनच चुकीचं. कालवलेलं ओआरएसही २४ तासांनंतर ओतून द्यावं. बाटली उघडली त्याच दिवशी मार्करने तिच्यावर तारीख लिहा, एवढ्याने निम्मा घोळ मिटतो.

पट्टीतल्या गोळ्या तारखेच्या बाजूने काढू नका, तो तुकडा शेवटपर्यंत राहू द्या. दुकानातून सुट्या गोळ्या घेतल्या तर तारीख विचारून पाकिटावर लिहून घ्या. अमेरिकेतून कुणी व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या असतील, तर तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात हे ध्यानात ठेवा. ०५/०९/२०२६ म्हणजे ९ मे, ५ सप्टेंबर नव्हे.

खाण्याच्या पाकिटावर उलटी गल्लत होते. ‘बेस्ट बिफोर’ ही चव, कुरकुरीतपणा, वास यांची तारीख. ती उलटली म्हणून नीट ठेवलेलं, न फोडलेलं बिस्किटाचं पाकीट लगेच विषारी होत नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ असेल तर मात्र ती उलटल्यावर पदार्थ विकूही नये, खाऊही नये. दोन्ही तारखा एकच समजून चांगलं अन्न फेकलं जातं, हे मला फार खटकतं.

गॅस सिलिंडरवरच्या ‘बी-२७’सारख्या खुणेलाही लोक एक्स्पायरी म्हणतात. आतल्या गॅसशी तिचा संबंध नाही. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत आहे. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर आणि पुढे वर्ष. मुदत उलटलेला सिलिंडर आला तर दारातच बदलून मागा.

ड्रायव्हिंग लायसन्सबाबत ‘संपल्यावर महिनाभर चालतं’ हे अजून ऐकू येतं. ती ३० दिवसांची सवलत २०१९च्या कायदादुरुस्तीत गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा द्यावी लागते.

आणि ‘काका एक्स्पायर झाले’ हा निरोप. शब्द चुकीचा नाही, त्याचं लॅटिन मूळच श्वास बाहेर टाकण्याचं. पण आज तो रुग्णालयाच्या नोंदीतला वाटतो. परदेशातल्या सहकाऱ्याला कळवताना ‘पास्ड अवे’ लिहा. घरच्यांना सांगताना ‘काका गेले’ म्हणा.