पाजत्या गाईचा एलएच कोण दाबतंय? नॅलोक्सोनने तपासण्याची रीत

वासरू लुचत असते तोवर बऱ्याच गाई माजावर येत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हा संकेत देणारा संप्रेरक स्पंदांनी, म्हणजे थोड्या-थोड्या वेळाने झटक्यांत, सुटतो आणि त्याच तालावर त्याखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच, म्हणजे बीज सुटायला लावणारा संप्रेरक, सोडते. पाजत्या गाईत हे स्पंद विरळ होतात, कारण बीटा-एंडॉर्फिन, डायनॉर्फिन अशी शरीरातलीच ओपिऑइड (अफूसारखे काम करणारी द्रव्ये) जीएनआरएचला आवरून धरतात. नॅलोक्सोन हे औषध त्यांचे ग्राही, म्हणजे पेशींवरच्या चिकटण्याच्या जागा, अडवते. ते दिल्यावर एलएच चढला, तर लगाम ओपिऑइडांचाच होता.

गाय निवडताना घाई नको. व्याल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे पिट्युटरीत एलएचचा साठाच अपुरा असतो; लगाम काढला तरी सोडायला काही नसते. साधारण तिसावा दिवस धरा. रक्तातले प्रोजेस्टेरॉन (बीजांडातल्या पीतपिंडाचे संप्रेरक) मिलीलिटरला 1 नॅनोग्रॅमपेक्षा कमी हवे, नाहीतर पीतपिंड एलएच दाबतोय की वासरू, हे उलगडणार नाही. हाडे दिसणारी गाय घेऊ नका. उपासमारीनेही एलएच बसतो.

प्राणी-प्रयोग समितीची परवानगी हातात आल्यावर, चाचणीच्या आदल्या दिवशी गळ्याच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे रक्त घेण्याची बारीक नळी, बसवा. त्याच दिवशी बसवले तर धसक्यानेच कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक आणि ओपिऑइड वाढतात. वासरू तिचे स्वतःचेच हवे. कास काढून टाकलेल्या गाईतही स्वतःचे वासरू ढुसण्या देत राहिले तर माज लांबतो. परक्या वासराचा तसा परिणाम होत नाही. आई त्याला नजरेने किंवा वासाने ओळखते, यालाच मोल आहे. प्रत्येक लुचण्याची वेळ लिहून ठेवा.

दर 15 मिनिटांनी 8 मिलीलिटर रक्त, एकूण आठ तास. नळीत अडकलेले पहिले 5 मिलीलिटर टाकून द्या, नाहीतर नमुना पातळ होतो. मग मिलीलिटरला 10 युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) असलेल्या सलाइनने नळी धुवा. नमुने बर्फात ठेवा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि प्लाझ्मा उणे 20 अंशांवर साठवा.

चार तास झाले की किलोला 1 मिलिग्रॅम नॅलोक्सोन शिरेतून द्या. इथे हिशेब चुकतो तो असा: 400 किलोच्या गाईला 400 मिलिग्रॅम लागते, आणि माणसांसाठीच्या 0.4 मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर द्रावणातून ते द्यायचे तर पूर्ण एक लिटर टोचावे लागेल. म्हणून भुकटी आणा आणि सलाइनमध्ये मिलीलिटरला 20 मिलिग्रॅम विरघळवा; 20 मिलीलिटरमध्ये काम होते. तुलनेच्या गाईंना तेवढेच सलाइन. औषध लवकर ओसरते, त्यामुळे पहिल्या तासातला एकही नमुना चुकवू नका.

आठवा तास संपला की दोन्ही गटांना 100 मायक्रोग्रॅम जीएनआरएच द्या आणि आणखी दोन तास रक्त घ्या. माझ्या मते चाचणीचा सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि तोच बहुतेक जण गाळतात. नॅलोक्सोनला उत्तर नाही पण जीएनआरएचला आहे, तर अडथळा ओपिऑइडांव्यतिरिक्त कुठेतरी आहे किंवा मात्रा कमी पडली. दोन्हींना नाही, तर पिट्युटरी अजून रिकामी आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा करा.

एका गाईचे सगळे नमुने एकाच खेपेत मोजा. मोजणीच्या स्वतःच्या चुकीच्या दुपटीहून मोठा चढ असेल तरच त्याला स्पंद म्हणा. नॅलोक्सोनपूर्वीच्या चार तासांत एकही स्पंद दिसला नाही तरी नमुने बिघडले असे समजू नका, पाजत्या गाईत ते स्वाभाविक आहे.

पडताळणीसाठी वासरू 48 तास दृष्टिआड ठेवून हीच चाचणी करा. स्पंद आपोआप वाढलेले असतील आणि नॅलोक्सोनने त्यात फारशी भर पडली नाही, तर लगाम वासरासोबतच गेला होता.