पहिलीच मोठी भूमिका सुपरहिरोची असेल तर

१९८९च्या 'बॅटमॅन'मध्ये मायकेल कीटनला मान वळवता येत नव्हती. डोक्यावरचा टोप, मान आणि खांदे असं सगळं रबरात एकसंध ओतलेलं. बाजूला बघायचं तर अख्खं धड फिरवावं लागायचं. कीटनने त्यातूनच पात्राची एक ढब काढली आणि ती लोकांच्या लक्षात राहिली. पडद्यावरच्या बॅटमॅनला सुटी मान मिळाली ती २००८ साली, १९ वर्षांनी.

कीटन तेव्हा नवखा नव्हता. हीच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या कामात आली तर नवी अभिनेत्री बहुतेक वेळा गप्प बसते. एवढी मोठी संधी, त्यात मान आखडते म्हणून कुठे कुरकुरायचं! पण सुपरहिरोच्या कामात बहुतेक गोष्टी एकदाच ठरतात आणि मग बदलत नाहीत. पोशाखाचा साचा एकदा निघतो. सही एकदा होते. हातातून वीज सुटतानाची बोटांची ठेवण पहिल्या दिवशी ठरते, ती शेवटच्या भागापर्यंत तशीच राहते. म्हणून तोंड कधी उघडायचं, हे या कामात अभिनयाइतकंच शिकून घ्यावं लागतं.

ऑडिशनमध्ये खरी पटकथा सहसा हातात पडत नाही. गुप्ततेच्या करारावर सही केल्यावर जो प्रसंग मिळतो तो बरेचदा त्या दिवसापुरताच लिहिलेला असतो. पात्राचं नाव खोटं, कथा भलतीच. तिथे मुठी आवळून ताकद दाखवायला जाऊ नका. स्फोट त्यांना नंतर घालता येतात. घाबरलेली, चिडलेली, आईशी खोटं बोलणारी साधी मुलगी तुम्ही पटवता का, हे त्यांना बघायचं असतं.

करार मात्र सावकाश वाचायचा, आणि मनोरंजन क्षेत्रातले करार हाताळणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्यायचा. नव्या कलाकाराकडून एकाच वेळी अनेक भागांसाठी सही घेतली जाते. त्याला 'ऑप्शन' म्हणतात, पण तो पर्याय निर्मात्याचा. त्याने बोलावलं तर तुम्हाला यावंच लागतं. त्याने नाही बोलावलं तर तुम्हाला काही मागता येत नाही. हेलन स्लेटरचा पहिलाच चित्रपट १९८४चा 'सुपरगर्ल'. तो चालला नाही आणि त्याचा दुसरा भाग कधी निघाला नाही. त्यामुळे पुढच्या भागांच्या भरवशावर पहिल्या भागाचं मानधन कमी करून घेऊ नये. पुढच्या भागांचे आकडे आजच लिहिलेले आणि दर भागाला चढते हवेत. 'पुढचा भाग करणार की नाही' हे कळवायची मुदत तारखेनिशी हवी. ती उलटली की तुम्ही मोकळ्या. मधल्या काळात दुसरं काम घेता येईल का, केस कापता येतील का, हेही लिहून घ्या. बाहुल्या, व्हिडिओ गेम, जाहिराती यांत तुमचा चेहरा वापरायचा असेल तर प्रत्येकासाठी वेगळं कलम असावं.

स्कॅनिंगचं कलम तर दोनदा वाचावं. पन्नासेक कॅमेऱ्यांच्या कोंडाळ्यात उभं करून अंगाचं त्रिमितीय स्कॅन घेतात, काम अर्ध्या तासात उरकतं, आणि त्या फाइलचं पुढे काय होणार हे विचारायचं राहून जातं. हॉलिवूडमधल्या अभिनेत्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, त्यात डिजिटल प्रतिकृतीसाठी कलाकाराची संमती आणि मोबदला हा एक कळीचा मुद्दा होता. स्कॅन याच चित्रपटापुरतं की कायमचं, एवढं तरी कागदावर आणा. आणि विम्याच्या तपासणीत जुनी दुखापत लपवू नका. गुडघ्याचं आधी सांगितलं तर उड्या स्टंट डबलकडे, म्हणजे तुमच्या जागी धोक्याची कामं करणाऱ्या कलाकाराकडे जातात. नंतर निघालं तर चित्रीकरण थांबतं आणि बोट तुमच्याकडे येतं.

आता पोशाख. स्कॅनने भागत नाही तिथे अजूनही अंगाचा ठसा घेतात. दातांचा ठसा घ्यायला दंतवैद्य वापरतात तसंच आल्जिनेट चेहऱ्यावर थापतात आणि वरून प्लॅस्टरच्या पट्ट्या लावतात. नाकपुड्या तेवढ्या उघड्या असतात. डोळे मिटलेले, कान जवळपास बंद. बोलता येत नाही, म्हणून 'ठीक आहे' आणि 'काढा' यांच्या हाताच्या खुणा सुरुवातीलाच ठरवून घ्यायच्या. पूर्ण अंगाच्या ठशाला बराच वेळ निश्चल उभं राहावं लागतं. गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की पायात रक्त साठतं आणि भोवळ येते. गुडघे किंचित सैल ठेवा, पोट रिकामं ठेवून जाऊ नका आणि मधूनमधून पोटऱ्या आवळत राहा.

फिटिंगला फोटोसाठी उभं राहतो तसं उभं राहायचं नाही. दोन्ही हात कानाला लागेपर्यंत वर न्या. उकिडव्या बसा. खुर्चीत बसा, जिना चढा, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवा, मान दोन्ही खांद्यांकडे वळवा, पोटभर श्वास घ्या, मग मोठ्याने ओरडा. कुठे काचतं ते बोटाने दाखवा. पात्र लढताना करणार असलेली प्रत्येक हालचाल इथे झाली पाहिजे, कारण फोम लेटेक्स किंवा युरेथेन अशा रबरी पदार्थांचे भाग एकदा ओतले की साध्या कपड्यासारखे उसवून सैल करता येत नाहीत. काखेत आणि जांघेत ताणला जाणारा कापडी तुकडा हवा असेल तर तो मागायची वेळ हीच. बूट स्वतंत्रपणे पळून बघा. क्लोजअपमधली टाच आणि पळायची टाच वेगळी असू शकते, तसं विचारा.

एकाच पोशाखाच्या अनेक प्रती निघतात. क्लोजअपसाठी नितळ, मारामारीसाठी थोडी ढगळ म्हणजे आत पॅड बसतात, वायरवर लटकताना घालायची, कमरेजवळ चिरा असलेली, आणि फाटक्या-जळक्या प्रती. वायर ज्याला अडकवतात तो पट्ट्यांचा हार्नेस आत घालूनच त्याची प्रत मापून घ्यावी. नुसत्या अंगावर मापलेली प्रत हार्नेसवर चढवली की तुम्ही जाड दिसता, मग पट्टे आवळले जातात आणि कातडी सोलवटते. साचा निघाल्यावर वजन एक-दोन किलोच्या आत राखावं लागतं, त्यामुळे व्यायामाचा कार्यक्रम साच्याच्या आधी स्थिरावलेला हवा. वाढत्या स्नायूंनी साचा देणं म्हणजे महिन्याभरात खांद्यात अडकलेला पोशाख.

लाजून न विचारला जाणारा प्रश्न लघवीचा. चेन कुठे आहे, एकटीला उघडता येते का, बाहेर पडायला किती मिनिटं लागतात? उत्तर 'अर्धा तास' असेल तर सहायक दिग्दर्शकाला तसं सांगून वेळापत्रकात जागा करून घ्यायची. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे. रबराच्या आत घाम वाळत नाही, अंग तापतं, त्यात पाणी कमी पडलं की डोकं ठणकतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. दोन शॉटमध्ये टोप आणि हातमोजे काढायला सांगा. गार पाणी फिरणारी बंडी मोटारशर्यतीतले चालक वापरतात, तशी इथेही मिळते. पण मागितल्याशिवाय क्वचित येते.

पोशाख बदलता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना एक दाखला द्यावा. 'वंडर वुमन'च्या काही प्रसंगांचं पुनर्चित्रण झालं तेव्हा गॅल गॅडोट पाच महिन्यांची गरोदर होती. पोशाखाचा पोटावरचा भाग कापून तिथे हिरवं कापड लावलं आणि सपाट पोट नंतर संगणकावर घडवलं. वेळेत कळलं तर वाट निघते.

व्यायामाबद्दल इंटरनेटवर इतकं लिहिलं जातं की इथे एवढंच पुरे: दंड दिसण्यासाठी नाही, एकोणीस टेक झाल्यावर विसावाही पहिल्यासारखा देण्यासाठी ताकद कमवायची. मारामारीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा दिवसभर चालतो आणि दुखापत बहुधा दमलेल्या शेवटच्या तासात होते. तीन ते सहा महिने मिळाले तर पहिल्या महिन्यात पडायला शिका.

वायरवर लटकणं पोटाचं आणि पाठीचं काम आहे. उडण्याच्या हार्नेसला दोन्ही कुल्ह्यांवर फिरती कडी असतात आणि अंग त्या आसावर तराजूसारखं झुलतं. छाती पुढे टाकली की डोकं खाली जातं, पाय सैल सोडले की कंबर मोडल्यासारखी दिसते. उड्डाण खोटं वाटतं ते बहुतेक वेळा पायांमुळे. पावलं ताणलेली, मांड्या आवळलेल्या आणि चेहरा मात्र मोकळा, हे एकत्र जमवायला आठवडे लागतात. आधी जमिनीवर पालथं झोपून हात-पाय उचलायचे आणि त्याच स्थितीत शांतपणे संवाद म्हणायचे. संवादात धाप ऐकू आली तर अजून वर चढायची तयारी झालेली नाही.

पहिले दिवस पाच-पाच मिनिटं पुरेत. दोन तास आधी जड खाऊ नका. उभ्या अवस्थेत निश्चल लटकत राहिलं की मांड्यांच्या पट्ट्यांमुळे रक्त पायांत अडकतं. मुंग्या, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही जाणवलं की लगेच खाली उतरवून घ्यायचं. 'दिवे लावताहेत, पाचच मिनिटं' असं म्हणाले तरी पायाखाली स्टूल मागा. थांबवण्याचा एक शब्द वायर हाताळणाऱ्या रिगरशी ठरलेला असावा आणि तो शब्द संवादात कुठेही येता कामा नये.

आकाशातून येऊन एक गुडघा आणि एक मूठ जमिनीवर टेकवणारी ती प्रसिद्ध उतरण गुडघ्यांची वैरीण आहे. भार पावलांवर आणि मांड्यांवर घ्यायचा. गुडघा जमिनीपासून दोन बोटं वर थांबवायचा किंवा पॅडवर अलगद टेकवायचा, आणि मूठ सगळ्यात शेवटी नुसती ठेवायची. दणका आवाज विभाग देतो.

आणि मग हिरवा पडदा, ज्याच्या जागी नंतर संगणकावर दृश्य भरतात. तिथे चांगल्या अभिनेत्रीही उघड्या पडतात. समोर काठीवर टेनिसचा चेंडू असतो आणि तो चाळीस मीटर उंच राक्षस आहे असं समजायचं असतं. चूक डोळ्यांत होते. जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही बुबुळं किंचित नाकाकडे वळतात, दूर बघताना समांतर होतात. चेंडू दोन मीटरवर, राक्षस शंभर मीटरवर; तुम्ही चेंडूकडे बघितलंत की क्लोजअपमध्ये राक्षस नाकासमोर आल्यासारखा दिसतो. म्हणून चेंडूच्या रेषेत, पण त्याच्या पलीकडच्या भिंतीवर किंवा छतावर खूण शोधायची आणि नजर तिथे लावायची. राक्षस चालत असेल तर तो किती सेकंदांत कुठून कुठे जातो हे व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावरची दृश्यं सांभाळणाऱ्या पर्यवेक्षकाला विचारून घ्या. प्रसंगात तिघी असतील तर तिघींनी एकाच मापाने मान फिरवली पाहिजे. कुणीतरी आकडे मोठ्याने मोजणं हाच सोपा मार्ग. राक्षसाचं चित्र मागा, ओबडधोबड असलं तरी चालेल.

वजनाचंही तसंच. उचलायची मोटार फोमची असते आणि ती फोमची दिसते, कारण हात आधी हलतात. खरं ओझं उचलताना आधी पावलं रुततात, मग श्वास अडतो, मग कंबर, आणि हात शेवटी. आदल्या दिवशी खरी जड वस्तू ढकलून बघा आणि तो क्रम अंगात मुरवा. हातातून ऊर्जा सुटत असेल तर ती तळव्यातून की बोटांच्या टोकांतून, झटका खांद्याला बसतो की कोपराला, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहा. आठ महिन्यांनी पुनर्चित्रणाला बोलावतील तेव्हा ही वहीच कामी येते. टेक संपल्यावर राखाडी आणि चकचकीत गोळे धरून प्रकाशाची नोंद घेतात, मग रिकाम्या जागेचं चित्रण होतं. तेवढा वेळ आपली खूण सोडून भटकू नये. पुन्हा त्याच जागी उभं राहायचं असतं.

मोठ्या पंख्यांमुळे सेटवरचा बराच आवाज निकामी होतो, म्हणून संवाद डबिंगमध्ये पुन्हा येतात. सोबत हुंकार, धापा, पडण्याचे, मार खाण्याचे आवाज वेगळे द्यावे लागतात. ते सत्राच्या शेवटी ठेवायला सांगा. आधी किंचाळलात तर संवादांना घोगरा आवाज उरतो. डबिंग करताना नुसतं उभं राहून भागत नाही. पोटावर उशी दाबून किंवा गुडघे वाकवून म्हटलेलं 'सोड त्याला!' वेगळंच लागतं.

चित्रपट लागल्यावर दोन-तीन वर्षं सगळे प्रस्ताव त्याच साच्यातले येतात. पुढचं काम चेहरा उघडा असलेलं, लहान आणि बोलकं निवडावं, असं आमचं मत. मारामारी बघून लोक तुम्हाला ओळखतात, पण त्यातली निम्मी मारामारी डबलची असते हे निवड करणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. लिंडा कार्टरने १९७५ ते १९७९ वंडर वुमन केली तेव्हा तिच्या स्टंटसाठी जीनी एपर होती. मुलाखतीत डबलचं नाव आपणहून घ्या. युनिटमध्ये ते लक्षात ठेवलं जातं.

या भूमिका पुष्कळदा परत दार ठोठावतात. 'सुपरगर्ल' मालिका २०१५ मध्ये आली तेव्हा हेलन स्लेटर त्यात नायिकेची दत्तक आई झाली, आणि पुढे त्याच मालिकेत लिंडा कार्टर राष्ट्राध्यक्ष. असा फोन आला तर तारखा आणि मानधन याआधी एक गोष्ट विचारा: पडद्यावर आजचा चेहरा दिसणार, की संग्रहातल्या स्कॅनवरून बनवलेला वीस वर्षांपूर्वीचा? दुसरं असेल तर तो जुना करार शोधून वकिलाकडे पाठवा आणि तोवर होकार कळवू नका.