दोन गोळ्यांनी फीट थांबली नाही, तिसरी कशी पारखायची

आमच्या बायला, म्हणजे मुलीला, पहिली फीट आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गोव्यातल्या साखळी गावच्या घरी, शाळेत जायची वेणी घालता घालता. आज ती सव्वीस वर्षांची आहे आणि आतापर्यंत सहा औषधे घेऊन झाली आहेत. मी डॉक्टर नव्हे. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खाणीवरच्या वजनकाट्यावर कारकून होतो. औषध निवडणे न्यूरॉलॉजिस्टचे काम. पण ते लागू पडले की नाही हे घरात दिसते, आणि ते नीट बघायचे कसे हे शिकायला मला पाच वर्षे लागली. ती तुमची वाचावीत म्हणून हे लिहितो आहे.

काट्यावर आम्ही रिकामा ट्रक आधी मोजायचो. त्याशिवाय खनिज किती भरले ते कळत नाही. औषधाचेही तसेच. नवीन गोळी सुरू होण्याआधीच्या किमान आठ आठवड्यांच्या फीटची नोंद वहीत असू द्या. आमच्याकडे कार्बामाझेपिनला लेव्हेटिरासेटाम जोडले तेव्हा महिनाभरात फीट कमी झाल्या आणि आम्ही देवीची ओटी भरून आलो. तिसऱ्या महिन्यात गाडी मूळपदावर. पुढे वही चाळताना उमजले की औषध आपण नेहमी सर्वांत वाईट महिन्यानंतरच बदलतो. त्यानंतरचा महिना औषधाविनाही थोडा बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते. औषधांच्या चाचण्यांत नुसती खोटी, म्हणजे औषधच नसलेली, गोळी घेणाऱ्यांच्याही फीट काही प्रमाणात कमी होतात, त्यामागे हेही एक कारण असते. म्हणून एका महिन्यावर आनंदही करू नका आणि औषधाला नावेही ठेवू नका.

वहीत दोन रकाने वेगळे ठेवा. बायच्या छोट्या फीटमध्ये ती एकटक बघते, ओठ चाटते, पदराशी किंवा ओढणीशी चाळा करते, आणि दीड मिनिटाने विचारते, ‘काय झाले?’ मोठ्या फीटमध्ये अंग ताठ होऊन पडते. छोट्या चौदाच्या सात झाल्या पण मोठ्या एकाच्या तीन झाल्या, तर बेरजेत सुधारणा दिसते आणि प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. प्रत्येक फीटपुढे वेळ, किती मिनिटे, झोप किती झाली, गोळी चुकली का, ताप होता का, आणि मुलगी असेल तर पाळीचा कितवा दिवस, एवढे लिहा. काही बायकांना पाळीच्या आसपास फीट जास्त येतात. तिथे पंधरवड्याची पंधरवड्याशी तुलना फसते, पूर्ण चक्राची चक्राशी करावी लागते.

झोपेचा रकाना आमच्यासारख्यांनी विसरूच नये. जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत चालते, चतुर्थीला घरात रात्रभर आरत्या आणि भजने. एका वर्षी जत्रेच्या आठवड्यात चार फीट आल्या आणि आम्ही नवीन गोळीला दोष देऊन मोकळे झालो. आता ती नाटकाचा पहिला अंक बघून घरी येते. तिला वाईट वाटते, मलाही वाटते.

एका वेळी एकच बदल करा, हा माझा सर्वांत मोठा आग्रह. नवी गोळी वाढवताना जुनी कमी केली आणि त्याच आठवड्यात दुकानदाराने कंपनी बदलून दिली, तर जमाखर्च कोणी लावायचा? आम्हाला एकदा एका दुकानातून सावकाश विरघळणाऱ्या कार्बामाझेपिनऐवजी साधी गोळी मिळाली. दुपारी तिला गरगरायला लागले, तेव्हा पाकीट नीट वाचले. पाकिटाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा. पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरू नका. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतले पाणी ओढते, आणि दमट हवेत कार्बामाझेपिनच्या गोळीचा प्रभाव एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो. आपल्या जुलैची हवा तर सर्वांना ठाऊक आहे.

कोणते औषध ‘जास्त चांगले’ हे पत्रकावरच्या टक्क्यांवरून ठरवायला जाऊ नका, मी ती चूक केली आहे. बायसारख्या फीटसाठीची बहुतेक औषधे आधीच्या औषधात जोडून, खोट्या गोळीशी तुलना करून तपासलेली असतात. दोन औषधांची समोरासमोर तुलना क्वचितच होते, आणि दोन चाचण्यांतले रुग्ण सारखे नसतात. शिवाय तिथे ‘यश’ म्हणजे बहुधा फीट निम्म्यावर येणे. त्यापेक्षा फीटचा प्रकार आणि सोबतचे औषध बघा. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फीटना चालणारे कार्बामाझेपिन काही वेगळ्या प्रकारच्या फीट वाढवते. लॅमोट्रिजिन अंगावर पुरळ येऊ नये म्हणून अगदी हळू वाढवतात. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर त्याहून हळू, कारण रक्तातले लॅमोट्रिजिन वाढते. कार्बामाझेपिन असेल तर ते घटते. पुरळ दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुष्परिणाम माणूस बघून तोला. लेव्हेटिरासेटामने आमची शांत बाय ताटे आपटू लागली. पेराम्पॅनेलनेही स्वभाव बिघडू शकतो. टोपिरामेटने शब्द आठवेनासे होतात, आणि घाम कमी येत असल्याने मे महिन्यात अंग तापते. क्लोबाझाम पटकन काम करते, पण काहींना काही आठवड्यांनी त्याची सवय होऊन परिणाम ओसरतो. बायचे तसेच झाले. लॅकोसामाइड सुरू करण्याआधी हृदयाचा आलेख काढतात का, ते विचारा. लग्नाचे बघत असाल तर व्हॅल्प्रोएटचा विषय आधी काढा. त्याने पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा आणि पुढे बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. पण कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका. त्याने फीटमागून फीट लागू शकतात. फीट पाच मिनिटांपुढे गेली तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा मारा आणि १०८ ला फोन करा.

आता जे मला कोणीतरी लवकर सांगायला हवे होते ते. योग्य निवडलेली दोन औषधे, पुरेशा मात्रेत, नेमाने घेऊनही फीट थांबल्या नाहीत, तर आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तो औषधाला न जुमानणारा अपस्मार, म्हणजे फीटचा आजार. ग्लासगोच्या ४७० नवीन रुग्णांच्या, २००० साली छापलेल्या अभ्यासात पहिल्या औषधाने ४७ टक्के फीटमुक्त झाले, दुसऱ्याने आणखी १३ टक्के, त्यापुढे जेमतेम ४. म्हणून तिसऱ्या गोळीसोबतच दोन प्रश्न विचारा. या खरोखर अपस्माराच्याच फीट आहेत का? मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ आणि व्हिडिओ ईईजी (चित्रीकरण चालू ठेवून काढलेला मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) यांतून ते कळते. आणि शस्त्रक्रियेसाठी तपासणी करायची का? कानशिलाजवळच्या भागातून येणाऱ्या फीटवर २००१ साली छापलेल्या चाचणीत ८० रुग्ण होते. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के जाणीव हरपणाऱ्या फीटपासून मुक्त होते, केवळ औषधांवर ठेवलेल्यांतले ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया होतात. आम्ही हे सहाव्या औषधापर्यंत विचारलेच नाही. ती वर्षे मला डाचतात.

फीट थांबल्या असे कधी म्हणायचे, यालाही माप आहे: आधीच्या सर्वांत मोठ्या फीटविना काळाच्या तिप्पट, किंवा वर्षभर, यांतले जे जास्त ते. बायचा सर्वांत मोठा काळ पाच महिने, म्हणजे आम्हाला पंधरा महिने थांबायचे.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ओपीडीत डॉक्टरांसमोर दहा मिनिटे मिळाली तरी खूप, म्हणून मी वही नेत नाही, अर्धे पान नेतो. बदलाआधीचे आठ आठवडे, नंतरचे आठ आठवडे, छोट्या किती, मोठ्या किती, चुकलेल्या गोळ्या, रोजची मात्रा. खालची ओळ मात्र बायसाठी मोकळी असते. मागच्या वेळी तिने लिहिले होते, ‘फीट कमी आहेत, पण दुपारी इतकी झोप येते की शिलाईच्या मशीनवर बसता येत नाही.’ डॉक्टरांनी आधी तीच ओळ वाचली, आणि क्लोबाझामची सकाळची मात्रा रात्री नेली.