अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला तेव्हा (माझा अनुभव)

प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यशाळेसाठी मिळालेल्या केंद्रीय अनुदानाचा दुसरा हप्ता आमच्या मुंबईतल्या कॉलेजात अडकला होता. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्चल्याचा दाखला) परत आलेलं. खर्च सगळा रास्त होता, पण शिल्लक जुळत नव्हती.

पहिलं कारण व्याज. अनुदान बचत खात्यात पडून राहिलं की व्याज जमा होतं, पण ते कॉलेजचं नसतं. सामान्य वित्तीय नियम (जीएफआर) 2017 प्रमाणे ते केंद्राच्या संचित निधीत परत भरावं लागतं. हिशेबात ते 'इतर जमा'त गेलं होतं. ते वेगळं काढून भरलं आणि पावती जोडली.

दुसरं कारण जास्त चकवतं: टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर. समजा, मार्चमध्ये मानधन 5,000 आणि कपात 500. पासबुकात 4,500 च गेलेले दिसतात, कारण मार्चची कपात 30 एप्रिलपर्यंत भरता येते. खर्च मात्र 5,000 च धरायचा. 31 मार्चच्या बँक ताळमेळात (हिशेब आणि पासबुक जुळवणारा तक्ता) 500 'देय टीडीएस' म्हणून दाखवले की कोडं सुटतं.

मग उपयोगिता प्रमाणपत्राचा जीएफआर 12-ए नमुना नव्याने भरला. सीएच्या सहीसोबत 18 अंकी यूडीआयएन (सीएने प्रमाणित केलेल्या कागदाचा ओळख क्रमांक) आहे ना, हे आधी बघा. प्रवासखर्चातले उरलेले पैसे मानधनाकडे मनाने वळवू नका. लेखी मंजुरी आधी घ्या. आणि अनुदानाला स्वतंत्र खातं उघडाच. कॉलेजच्या चालू व्यवहारात मिसळलेलं व्याज नंतर वेगळं काढणं फार जिकिरीचं.